‘यश’ हे नाव की शब्द? मराठीत अव्यक्त अभिवृत्तीची चाचणी बांधताना

पत्त्यांचा एक कॅट घ्या. राजा, राणी, गुलाम बाजूला काढा, उरलेली चाळीस पानं नीट पिसा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. आता एकेक पान उचलून दोन ढीग करा: बदाम आणि चौकट डावीकडे, इस्पिक आणि किलवर उजवीकडे. वेळ लिहून ठेवा. पुन्हा पिसा. या खेपेला बदाम आणि किलवर डावीकडे, इस्पिक आणि चौकट उजवीकडे.

दुसऱ्या खेपेला हात अडखळतो. पानं तीच, ढीगही दोनच. पण पहिल्या वेळी लाल-काळ्या रंगाने काम सोपं करून दिलं होतं; नुसता रंग बघितला तरी भागत होतं. दुसऱ्या वेळी ती सोय गेली. दोन वेळांमधला फरक म्हणजे बदाम आणि चौकट तुमच्या डोक्यात किती ‘एका जातीचे’ आहेत, याचं माप. तुम्हाला कुणी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही, तरी माप मिळालं.

अव्यक्त अभिवृत्ती, म्हणजे माणूस तोंडाने सांगत नाही पण प्रतिसादाच्या वेगातून दिसतो तो कल. ती मोजण्याची सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत याच तत्त्वावर चालते. तिचं नाव अव्यक्त साहचर्य चाचणी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात अँथनी ग्रीनवाल्ड, डेबी मॅकगी आणि जॉर्डन श्वार्ट्झ यांनी ती १९९८ साली मांडली. पडद्यावर एकेक शब्द येतो, तो कुठल्या गटातला हे दोनपैकी एक बटण दाबून सांगायचं. सुरुवात फुलं आणि किडे यांच्यापासून झाली: ‘फूल’ आणि ‘छान’ एका बटणावर असले की लोक झपाझप उत्तरं देतात, ‘किडा’ आणि ‘छान’ एका बटणावर आले की मंदावतात. पुढे ग्रीनवाल्ड, ब्रायन नोसेक आणि महजरीन बानाजी यांनी ‘प्रोजेक्ट इम्प्लिसिट’च्या संकेतस्थळावर ती जगभरच्या लोकांसाठी खुली केली. बानाजी मूळच्या सिकंदराबादच्या, उस्मानियात शिकलेल्या.

एवढा खटाटोप का? ‘बायकांनी नोकरी करावी का?’ असं आपल्याकडे प्रश्नावलीत विचारलं, तर कॉलेजातला जवळपास प्रत्येक जण ‘हो, का नाही?’ म्हणतो. खोटं बोलत असतो असंही नाही. पण पाहुणे आले की चहाला कोण उठतं, ते वेगळंच असतं. विचारून कळतं ते एक आणि वेगातून दिसतं ते एक. दोन्ही मोजायचं आणि शेजारी शेजारी ठेवायचं, एवढाच उद्देश.

हा लेख मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि संस्थांमध्ये प्रशिक्षणं घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण एकच घेतो: पुरुष–स्त्री आणि नोकरी-धंदा–घर-संसार. संगणकाचा भाग सगळ्यात सोपा आहे. चाचणी बनते किंवा बिघडते ती शब्दांच्या यादीत, म्हणून लेखाचा मोठा भाग यादीवरच आहे.

आधी एक वाक्य कागदावर

तुम्हाला नेमकं काय मोजायचंय, ते एका वाक्यात लिहा. ‘स्त्रियांबद्दलचा दृष्टिकोन’ असं लिहिलंत तर थांबा. ही चाचणी ‘दृष्टिकोन’ मोजत नाही, दोन जोड्यांची सापेक्ष जवळीक मोजते. आपलं वाक्य असं: ‘नोकरी-धंद्याशी पुरुष आणि घर-संसाराशी स्त्री, ही जोडणी उलट जोडणीपेक्षा किती वेगाने होते?’

या वाक्यातला ‘उलट जोडणीपेक्षा’ हा भाग महत्त्वाचा आहे. निकालात फरक दिसला, तर तो ‘स्त्री म्हणजे घर’ हे घट्ट असल्यामुळे आहे, की ‘पुरुष म्हणजे नोकरी’ हे घट्ट असल्यामुळे, हे या चाचणीतून कळत नाही. ते हवं असेल तर दुसरं साधन लागतं, त्याच्याबद्दल पुढे.

शब्दांची यादी

प्रत्येक गटासाठी पाच-सहा शब्द पुरतात. इंग्रजी चाचणीचं भाषांतर करायचा मोह टाळा. माझी पहिली यादी तशीच झाली होती. नोकरीच्या रकान्यात मी ‘यश’ आणि ‘प्रगती’ टाकले होते, मोठ्या हौसेने. पहिलीच मुलगी बसली. पडद्यावर ‘प्रगती’ आलं, तिने झटकन स्त्रीचं बटण दाबलं, लाल फुली उमटली आणि ती हसायलाच लागली: “सर, माझ्या बहिणीचं नाव आहे ना ते!” ‘यश’चं तेच. निम्म्या बालवाड्यांत एक तरी यश असतो.

मराठीत हा सापळा जागोजागी आहे, कारण आपण गुणांचीच नावं ठेवतो. माया, ममता, कीर्ती, विजय, उन्नती हे शब्द गटशब्द म्हणून बाद. उलट बाजूने नावांच्या यादीतून ‘कविता’ आणि ‘संतोष’ बाद, कारण ते शब्दही आहेत. ‘किरण’ दोघांचंही असतं. ‘सचिन’ म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला एकच माणूस आठवतो, आणि तो घरी बसलेला नसतो. ‘शकुंतला’, ‘दगडू’ यांनी वय आत शिरतं: आजीचं नाव घराकडे झुकतं, ते स्त्री म्हणून की म्हातारी म्हणून, हे मग सांगता येत नाही. आडनावं तर लावूच नका. आडनावाबरोबर जात येते, आणि मोजमाप तिसऱ्याच गोष्टीचं होऊन बसतं.

नावांऐवजी ‘काका, मामा, मावशी, आत्या’ घ्यावेत असं पुष्कळांना सुचतं. घेऊ नका. हे सगळे नात्याचे शब्द, म्हणजे आधीच घर-संसारातले. तसंच घराच्या यादीत ‘आई’, ‘माहेर’, ‘सासू’ नको. ‘आई’ला बाईचं बटण आपोआप जवळचं वाटतं, त्यासाठी पूर्वग्रह असावा लागत नाही.

दोन अर्थांचे शब्दही काढा. ‘बैठक’ ऑफिसातही होते आणि घरातल्या पुढच्या खोलीलाही म्हणतात. ‘नाती’ म्हणजे ‘नातं’चं अनेकवचन की ‘नात’चं? वाचणारा अर्धा सेकंद तिथेच घुटमळतो, आणि आपल्या मोजमापात अर्धा सेकंद म्हणजे फार झाला.

आता मराठीचा खास मुद्दा, जो इंग्रजी चाचणीच्या सूचनापत्रात सहसा मिळणार नाही: व्याकरणातलं लिंग. आपला प्रत्येक नाम-शब्द तो, ती किंवा ते असतो. तो पगार, ती नोकरी, तो स्वयंपाक. योगायोगाने नोकरीचे सगळे शब्द पुल्लिंगी निवडले गेले आणि घराचे स्त्रीलिंगी, तर मिळालेला वेग समाजातल्या समजुतीचा की व्याकरणाचा, हे वेगळं काढता येणार नाही. उपाय साधा आहे. दोन्ही रकान्यांत तिन्ही लिंगांचे शब्द सारखे ठेवा. माझी सध्याची यादी अशी:

नोकरी-धंदा: पगार, व्यवसाय (तो); बढती, मीटिंग (ती); ऑफिस, करिअर (ते).

घर-संसार: नातलग, पाहुणे (तो, ते पुल्लिंगी), न्याहारी, सोयरीक (ती), कुटुंब, लग्न (ते).

पुरुष: संदीप, प्रशांत, महेश, मंगेश, नितीन, राजेश.

स्त्री: सुनीता, वैशाली, मनीषा, अश्विनी, रूपाली, स्वाती.

‘सोयरीक’ गावाकडे चालतो, पण शहरातली विशीतली मुलं तिथे अडखळतात. त्यांच्यासाठी ‘भाऊबीज’ घ्या. घराची यादी ‘स्वयंपाक, भांडी, चूल, केर’ अशी केलीत, तर तीही चूक नाही, पण मग तुम्ही घरकाम मोजताय, कुटुंब नाही. शोधनिबंधाच्या शीर्षकात तसंच लिहा.

शब्दांची लांबीही बघा. अक्षरं दोन ते चारच्या आत, आणि दोन्ही गटांत जोडाक्षरांचा भार साधारण सारखा.

यादी तपासणं

संगणकाला हात लावण्याआधी शब्द चिठ्ठ्यांवर लिहा आणि दहा-बारा जणांना वाटणी करायला सांगा: हा शब्द कुठल्या गटातला? एकाही माणसाने विचारलं की “हा कुठे टाकू?”, तर तो शब्द बाद. दहातल्या नऊ जणांना जमलं हे पुरेसं नाही. ही माणसं तुमच्या सहभागींसारखीच हवीत. नागपूरच्या विद्यार्थ्यांवर चाचणी घ्यायची आणि चिठ्ठ्या पुण्यातल्या मित्रांकडून वाटून घ्यायच्या, असं नको.

चाचणीच्या सात फेऱ्या

सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी उत्तम आहे. ते नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जोनाथन पिअर्स यांनी सुरू केलं. ब्राउझरमध्ये चालवायचं असेल तर सायटूलकिट किंवा जेएससायक बघा. सांगाडा सगळीकडे एकच (‘प्रयत्न’ म्हणजे पडद्यावर आलेला एक शब्द आणि त्याला दिलेलं उत्तर):

१) फक्त नावं. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्री. २० प्रयत्न.
२) फक्त शब्द. डावीकडे नोकरी-धंदा, उजवीकडे घर-संसार. २० प्रयत्न.
३) दोन्ही एकत्र. डावीकडे पुरुष आणि नोकरी-धंदा, उजवीकडे स्त्री आणि घर-संसार. २० प्रयत्न.
४) तेच पुन्हा, ४० प्रयत्न.
५) फक्त नावं, पण बाजू बदलून: डावीकडे स्त्री, उजवीकडे पुरुष. ४० प्रयत्न.
६) नवी जोडणी. डावीकडे स्त्री आणि नोकरी-धंदा, उजवीकडे पुरुष आणि घर-संसार. २० प्रयत्न.
७) तेच पुन्हा, ४० प्रयत्न.

पाचव्या फेरीत प्रयत्न जास्त का? जुनी सवय मोडायला वेळ लागतो म्हणून. ती फेरी आखूड ठेवली तर जी जोडणी आधी आली तीच वेगवान दिसते. त्याच कारणासाठी निम्म्या सहभागींना उलट क्रम द्या: त्यांना आधी स्त्री–नोकरी, मग पुरुष–नोकरी. कोणाला कुठला क्रम मिळणार, हे चिठ्ठी टाकून किंवा संगणकाकडून ठरवा. ‘आलेल्या मुली आधी’ अशी सोय करू नका.

एकत्र फेऱ्यांत एकाआड एक यावं: नाव, शब्द, नाव, शब्द. नावं एका रंगात आणि शब्द दुसऱ्या रंगात ठेवा. चुकलं की लाल फुली दाखवा आणि बरोबर बटण दाबेपर्यंत पुढे जाऊ देऊ नका. वेळ मोजायची ती बरोबर उत्तर येईपर्यंतची. म्हणजे चुकीचा दंड वेगळा लावावा लागत नाही. दोन प्रयत्नांमध्ये पाव सेकंदाची उसंत पुरते.

काही बारीक गोष्टी. प्रथेप्रमाणे इंग्रजी कीबोर्डची ई आणि आय ही बटणं वापरतात. ज्यांचा इंग्रजी टायपिंगचा हात बसलेला नाही त्यांच्यासाठी त्यांवर रंगीत टिकल्या चिकटवा. दोन्ही तर्जन्या बटणांवरच ठेवायला सांगा. ‘अश्विनी’, ‘न्याहारी’, ‘व्यवसाय’ ही जोडाक्षरं पडद्यावर सुटी होऊन तर दिसत नाहीत ना, हे प्रत्यक्ष ज्या लॅपटॉपवर चाचणी होणार त्यावरच बघा. दिसत असतील तर प्रत्येक शब्दाचं चित्र करून टाका, झंझट मिटते.

साधा लॅपटॉप चालतो. साठ हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी ताजा होतो. आपण शोधतोय तो फरक बहुधा याच्या कित्येक पट असतो आणि शंभराहून जास्त प्रयत्नांवर सरासरी होतो. मात्र एकाच अभ्यासात काही जणांना लॅपटॉप आणि काही जणांना मोबाइल असं करू नका.

समोर माणूस बसल्यावर

संमतीपत्र मराठीत, एका पानात. ‘तुमचा छुपा पूर्वग्रह मोजतो’ असं त्यात लिहिलंत तर माणूस सावध होतो. ‘चाचणी शब्दांच्या वर्गीकरणाच्या वेगाची आहे, तिचा उद्देश शेवटी समजावून सांगू’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. सूचना मोठ्याने वाचा: “जमेल तितकं भरभर करा, थोड्या चुका झाल्या तरी हरकत नाही.” यातला दुसरा भाग विसरू नका. परीक्षेची सवय असलेली आपली मुलं चूक टाळायला इतकी हळू जातात की आकडे निरुपयोगी होतात.

चाचणीनंतर थेट प्रश्न विचारा. तेच शब्द घेऊन: ‘नोकरी-धंदा तुम्हाला पुरुषांशी जास्त जोडलेला वाटतो की स्त्रियांशी?’ आणि सात पायऱ्यांचं उत्तर. वेगातून दिसलेला कल आणि तोंडाने सांगितलेला कल यांची तुलना करायची, तर प्रश्न एकाच गोष्टीबद्दलचा हवा.

आकडा काढणं

ग्रीनवाल्ड, नोसेक आणि बानाजी यांनी २००३ मध्ये जी सुधारित पद्धत दिली तीच वापरा. तिला ‘डी गुण’ म्हणतात.

पहिल्यांदा साफसफाई. १०,००० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागलेले प्रयत्न काढून टाका; तिथे बहुतेक फोन वाजलेला असतो. ज्या माणसाचे दहा टक्क्यांहून जास्त प्रयत्न ३०० मिलिसेकंदांच्या आत आहेत, तो न वाचता बटणं बडवत होता. त्याची पूर्ण नोंद काढा.

मग फेरी ३ आणि ६ ची जोडी, तसंच फेरी ४ आणि ७ ची. समजा, एका मुलीची तिसऱ्या फेरीची सरासरी ७८० आणि सहाव्या फेरीची ९३० मिलिसेकंद आली. फरक १५०. आता दोन्ही फेऱ्यांचे सगळे प्रयत्न एकाच रकान्यात टाकून त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे वेळा सरासरीपासून किती पसरल्यात त्याचं माप, काढा. समजा, ते ३०० आलं. १५० भागिले ३००, म्हणजे ०.५०. चौथ्या-सातव्या फेरीत सरासरी ७२० आणि ८२५, विचलन २५०: १०५ भागिले २५०, म्हणजे ०.४२. दोन्हींची सरासरी ०.४६. हा तिचा डी गुण.

विद्यार्थी चुकतात ते विचलनाच्या जागी. दोन फेऱ्यांची विचलनं वेगवेगळी काढून त्यांची सरासरी घेतात. तसं नाही, सगळे प्रयत्न एकत्र करूनच एक विचलन काढायचं. त्यामुळेच हा गुण उणे दोन ते अधिक दोन यांच्या बाहेर जात नाही. बाहेर गेला असेल, तर तुमच्या सूत्रात काहीतरी फसलंय.

उलट क्रम मिळालेल्यांच्या बाबतीत वजाबाकीची दिशा फिरवायला विसरू नका. अधिक म्हणजे नेहमी ‘पुरुष–नोकरी वेगवान’ असा एकच अर्थ राहिला पाहिजे.

ढोबळ वर्गवारी अशी: ०.१५ पर्यंत नगण्य, ०.१५ पासून किंचित, ०.३५ पासून मध्यम, ०.६५ पासून ठळक. या रेषा सोयीसाठी आखलेल्या आहेत, रक्तातल्या साखरेसारख्या नाहीत.

किती माणसं लागतील? गटाचा सरासरी कल शून्यापेक्षा वेगळा आहे का, एवढंच बघायचं आणि परिणाम मध्यम असेल, तर चौतीसेक माणसं पुरतात. पण या गुणाचा वागणुकीशी संबंध शोधायचा असेल, तर सहसंबंध (दोन आकडे किती बरोबरीने बदलतात त्याचं माप; ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.२ च्या आसपास धरून चाला, आणि त्यासाठी दोनशेच्या जवळपास माणसं हवीत. वर्गातल्या चाळीस मुलांवर असा निष्कर्ष काढलेले प्रबंध मी पुष्कळ पाहिलेत. ते प्रबंध पास होतात, एवढंच त्यांच्याबद्दल म्हणता येईल.

आकड्याला काय म्हणायचं

इथे जरा हात आखडा. एकाच माणसाने काही दिवसांनी चाचणी पुन्हा दिली, तर दोन गुणांमधला सहसंबंध साधारण ०.५ च्या घरात येतो. गटाची सरासरी सांगायला ते चालतं, पण एका माणसाचं निदान करायला अजिबात नाही. मुलाखतीत उमेदवार निवडायला ही चाचणी वापरायची टूम कुणी काढली, तर सरळ नाही म्हणा.

वागणुकीशी संबंधावरही वाद आहे. ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून सरासरी सहसंबंध ०.२७ च्या आसपास काढला. ओस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वांशिक पूर्वग्रहाचे अभ्यास पुन्हा तपासले, तेव्हा तो याहून बराच कमी निघाला. आणि २०१९ मध्ये फोर्शर यांच्या गटाने ४९२ अभ्यास एकत्र केले, तेव्हा दिसलं की चाचणीतला गुण थोडाफार हलवता येतो, पण त्यामुळे वागणं बदलल्याचा पुरावा मिळत नाही. ‘दोन तासांच्या कार्यशाळेने छुपा पूर्वग्रह कमी केला’ असं अहवालात लिहिण्याआधी हे वाचावं.

वर्तनवादी, म्हणजे मनापेक्षा वागण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ, तर याच्याही मागे जातात. त्यांच्या मते डोक्यात दडलेली ‘अभिवृत्ती’ नावाची वस्तूच नाही. आहे तो फक्त घाईत दिलेला प्रतिसाद, जो आजवरच्या शिकण्यातून घडलाय. आयर्लंडमधल्या मेनूथ विद्यापीठात डर्मॉट बार्न्स-होम्स यांनी २००६ च्या सुमारास या विचारातून वेगळी पद्धत बांधली. पडद्यावर वर ‘स्त्री’, खाली ‘ऑफिस’, आणि निवडायला ‘खरं’ किंवा ‘खोटं’. एका फेरीत नियम असतो की रूढ समजुतीप्रमाणे उत्तर द्या, पुढच्या फेरीत तिच्या उलट. उत्तर साधारण दोन सेकंदांच्या आत आणि ऐंशी टक्के बरोबर असल्याशिवाय सरावातून पुढे जाता येत नाही. सहभागींना ती दमवते, गळतीही जास्त होते. पण तिच्यात स्त्री–घर, स्त्री–नोकरी, पुरुष–घर, पुरुष–नोकरी हे चारही आकडे सुटे मिळतात. सुरुवातीला जो प्रश्न अनुत्तरित राहिला होता, त्याचं उत्तर इथे आहे. कित्येकदा दिसतं ते असं की एक जोडी घट्ट असते आणि बाकीच्या तीन सैल.

वागणूकच मोजायची असेल, तर सरळ वागणूक मोजा. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदललं होतं ते फक्त नाव, ज्यातून जात किंवा धर्म कळेल. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं कमी आलं. तिथे मिलिसेकंद मोजावे लागले नाहीत. तुमच्या छोट्या अभ्यासातही हे जमतं: एकच बायोडेटा, निम्म्या प्रतींवर मंगेश, निम्म्यांवर मनीषा, आणि सहभागींना विचारायचं की सुरुवातीचा पगार किती द्याल. चाचणीच्या गुणाशेजारी हा आकडा ठेवलात, की अभ्यासाला वजन येतं.

उठताना

प्रत्येक जण विचारतो, “माझा किती आला?” मी आकडा सांगत नाही. पत्त्यांचा कॅट काढतो, दोन्ही खेपा करून घेतो आणि सांगतो की आत्ता जे झालं तेच मघाशी शब्दांनी झालं. बदाम-चौकट एका रंगाचे आहेत यात तुमचा दोष नाही, आणि तुमचा एकट्याचा आकडा उद्या वेगळाही येईल. मग उद्देश समजावतो, आणि नोंद काढून टाकायची असेल तर तिथेच काढतो.

तो गेल्यावर लगेच कच्ची फाइल जपून ठेवा, प्रत्येक प्रयत्नाची वेळ आणि शब्द असलेली. नुसते डी गुण ठेवू नका. ‘सोयरीक’वर सगळेच अडखळले होते, हे कळतं ते त्या कच्च्या फाइलमधूनच.